कोळंबीच्या तळ्यांतील खारें पाणी : परीक्षा व निगा

जमिनीचा कस पाहिल्यावांचून जाणता शेतकरी बीं टाकीत नाहीं. परंतु खाडीकांठच्या खार जमिनींत तळें करून कोळंबीचें पीक घेणारे आमचे कित्येक बंधु पाण्याची परीक्षा मात्र कोळंबी कांठाशीं येऊन तरंगूं लागल्यावरच करितात. त्या वेळीं परीक्षेचा उपयोग पंचनाम्यापुरताच उरतो. शेतांतील पीक बिघडूं लागलें म्हणजे तें पानावर आधीं दिसतें. तळ्यांतील पीक एका रात्रींत जातें, व त्याबरोबर कित्येक महिन्यांचें खाद्य आणि कर्जाऊ रक्कमही जाते. म्हणून पाण्यांत काय पहावें, केव्हां पहावें व दोष आढळल्यास काय करावें, याचा विचार येथें करूं.

प्राणवायु.— दिवसा उन्हांत पाण्यांतील सूक्ष्म हिरवें शेवाळ प्राणवायु सोडतें. रात्रीं तेंच शेवाळ, कोळंबी व तळचा गाळ मिळून तो खर्च करितात. त्यामुळें सूर्योदयापूर्वीं तो सर्वांत कमी असतो. शिवाय पाणी जितकें खारें व ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो : ३० अंश सेंटिग्रेडच्या गोड्या पाण्यांत हवेंतून दर लिटरास सुमारें साडेसात मिलिग्रॅम, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यांत सुमारें सव्वासहाच. दुपारीं मोजून ‘भरपूर आहे’ असें मानणारा म्हणूनच फसतो. मोजणी पहांटे व तळाजवळच्या पाण्याची करावी, कारण कोळंबी तळाशींच राहते. हा आंकडा ४ च्या खालीं जाऊं लागल्यास पाणी घुसळणारे पंखे रात्रभर चालवावे व सकाळचें खाद्य बंद ठेवावें.

खारेपणा.— समुद्राच्या पाण्यांत दर हजारी सुमारें ३५ भाग क्षार असतात. २००९ सालीं सरकारी परवानगीनें आपल्या देशांत आलेली व्हनामेई कोळंबी याहून पुष्कळ कमी खारेपणांतही जगते. तथापि १० ते २५ भाग तिला चांगले मानवतात. कमीअधिक खारेपणापेक्षां त्यांतील आकस्मिक पालट तिला अधिक बाधतो. कोंकणांतील पावसांत हें संकट नेहमींचें आहे. पावसाचें पाणी हलकें असल्यानें वर थर धरून राहतें व खालच्या पाण्यास हवा मिळत नाहीं. अशा वेळीं उघाडीच्या वरच्या फळ्या काढून तेवढें पाणी बाहेर सोडावें व पंखे चालू ठेवावे. खारेपणा मोजण्याची दुर्बीण दर वेळीं ऊर्ध्वपातित पाण्यानें शून्यावर आणून घ्यावी.

पी.एच. व अल्कता.— पी.एच. ७.५ ते ८.५ असावा, व सकाळ-संध्याकाळच्या आंकड्यांत ०.५ हून अधिक फरक नसावा. फरक वाढल्यास शेवाळ माजलें आहे किंवा पाण्याची अल्कता, म्हणजे आम्लास तोंड देण्याची शक्ति, कमी झाली आहे असें समजावें. ही अल्कता दर लिटरास १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा अधिक राखावी. ती घटल्यास चुनखडीची भुकटी द्यावी. कळीचा अथवा विरविलेला चुना पीक उभें असतां एकदम फार टाकूं नये; त्यानें पी.एच. भलताच चढतो, आणि त्याचा परिणाम पुढील कलमांत दिसेल.

अमोनिया.— कोळंबीच्या खाद्यांत शेंकडा सुमारें ३५ भाग प्रथिन असतें, व प्रथिनाचा सुमारें सहावा हिस्सा नत्र असतें. म्हणजे १०० किलो खाद्याबरोबर साडेपांच किलो नत्र तळ्यांत जातें. त्यांतील चतुर्थांश ते तृतीयांशच कोळंबीच्या अंगीं लागतें. बाकीचें सुमारें ४ किलो तळ्यांतच राहतें. २० किलो अमोनियम सल्फेट पाण्यांत टाकावें, तितकेंच हें नत्र झालें. जमिनींत ज्याप्रमाणें सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्रेट बनवितात, त्याप्रमाणें पाण्यांतही बनवितात. परंतु या कामीं प्राणवायु व अल्कता हीं दोन्ही खर्चीं पडतात. पी.एच. ७ असतां एकंदर अमोनियाचा शेंकडा एका भागाहूनही कमी अंश विषारी रूपांत असतो, पी.एच. ९ झाल्यास उष्ण पाण्यांत हा अंश तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो. यावरून हीं चारही मापें एकमेकांत गुंतलेलीं आहेत, व या साऱ्याचें मूळ खाद्य टाकणाऱ्या हातांत आहे, हें ध्यानीं येईल. खाद्य तपासण्याच्या ताटांत कांहीं उरलें तर पुढील वेळेचें माप कमी करावें. उरलेलें खाद्य हा पैशांचा नाश आहेच, शिवाय तें विषाचें खतही आहे.

साधनें व टिपण.— रंग पाहून मोजण्याचीं औषधें खाऱ्या पाण्यासाठींच बनविलेलीं व मुदतींतलीं असावींत. शेवाळाचें मान पाहण्यास २० सेंटिमीटर रुंदीची गोल तबकडी घेऊन तिचे चार भाग आळीपाळीनें काळे-पांढरे रंगवावे व ती मापाच्या काठीस बसवावी. ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर ती दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आंतच दिसेनाशी झाल्यास पहांटेच्या प्राणवायूविषयीं सावध रहावें. प्रत्येक तळ्याची स्वतंत्र वही ठेवून पहांटे व सायंकाळीं आंकडे लिहावे. एका दिवसाचा आंकडा फारसें सांगत नाहीं. आठ दिवसांचे आंकडे ओळीनें पाहिले म्हणजे पाणी कोणीकडे चाललें आहे तें कळतें. शंका आल्यास रत्नागिरीजवळ शिरगांव येथील मत्स्य महाविद्यालयाच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा.

शेवटीं एक गोष्ट. २००५ च्या कायद्यानें अशा तळ्यांची नोंदणी आवश्यक केली आहे, ती करून घ्यावी. आणि मरतूक झालेल्या तळ्याचें पाणी तसेंच खाडींत सोडूं नये. आपण ओहोटीस सोडलेलें पाणी शेजारी भरतीस आंत घेतो, व पुढच्या भरतीस त्याचें आपण घेतों. एका खाडीवरील सर्व तळेंवाल्यांनीं पाणी घेण्यासोडण्याच्या वेळा आपसांत ठरविल्या व वह्या एकमेकांस दाखविल्या, तर एकाचें नुकसान दहांचें होणार नाहीं.