सूं, सर्र आणि सपासप

करी रोडच्या फलाटावर धिम्या लोकलची वाट बघत असताना पलीकडच्या रुळांवरून जलद लोकल जाते. ती इथे थांबत नाही, चिंचपोकळीलाही नाही. कागद उडतात, पदर सावरले जातात, तोवर शेवटचा डबा गेलेलाही असतो. एवढ्या सगळ्याला इंग्रजी 'व्हूश' म्हणून मोकळी होते. तोच शब्द नाम, तोच क्रियापद, तोच उद्गार. वाऱ्यालाही तो आणि रॉकेटलाही तोच. मराठीत बोलणाऱ्याला मात्र आधी ठरवावं लागतं: गाडी सर्रकन गेली, धडधडत गेली, की सुसाट गेली?

हे शब्द जुळतात कसे, ते डोक्याकडून शेपटाकडे बघत जाऊ.

डोक्यात आवाजाचा ऐवज असतो. 'स' म्हणताना श्वास अडत नाही, वाहता राहतो, म्हणून सरपटणाऱ्या-वाहणाऱ्या गोष्टी त्याच्या वाट्याला येतात: सळसळ, सरसर. ट, ख, ध म्हणताना हवा अडून सुटते, म्हणून ठोकणं-आपटणं त्यांच्याकडे: टकटक, खटखट, धपधप. अनुस्वार आला की आवाज घुमतो. पावसाळ्यात गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत शिरणारा वारा सूं सूं करतो. त्यातला अनुस्वार गाळू नये, लहान मुलं असलेल्या घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. वस्तू जड झाली की अक्षरही जड होतं. थेंब टपकन पडतो, पोतं धपकन. शाळेची घंटा टणटण वाजते, देवळातली मोठी घंटा घणघण.

पण खरं काम शेपूट करतं. मूळ 'सप' घ्या. छडी सपकन बसली म्हणजे एकदाच बसली, क्षणात. सपसप म्हटलं की तेच सलग होऊ लागतं. मधे एक 'आ' घुसला की सपासप: वारावर वार, आणि प्रत्येकाला घाई. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात वर्षभराचं तिखट कुटायला गर्दी होते. तिथे मिरच्यांवर मुसळं धपधप पडतात असं म्हटलं तर नुसता ताल ऐकू येतो. धपाधप म्हटलं तर ताटकळलेली गिऱ्हाइकंही दिसतात. 'भरभर चाल' आणि 'भराभर आवर' यांतला फरक कुठल्याही आईला शिकवावा लागलेला नाही. पहिल्यात एकच काम वेगानं चाललंय, दुसऱ्यात एकामागून एक कामं उरकायची आहेत. अक्षर दुप्पट केलं, म्हणजे सरकनचं सर्रकन केलं, तर आवाज जरा लांबतो, पण घटना एकच राहते.

शब्द एकदाच घडलेलं सांगतो की सलग चाललेलं, अशी शंका आली तर वाक्यात 'तासभर' घालून बघावं. 'तासभर पानं सळसळत होती' हे खपतं. 'पाल तासभर सर्रकन गेली' म्हटलं तर ऐकणारा हसेल. क्रियापद हवं असेल तर ते बहुधा दुहेरी रूपावरूनच निघतं: सळसळणे, फडफडणे, खडखडणे. त्याच दुहेरी रूपापुढे 'आट' लावला की नाम तयार: फडफडाट, खडखडाट. तिजोरीतही खडखडाट असतो तो यामुळेच. भरलेला डबा वाजत नाही.

शाळेच्या व्याकरणात या सगळ्याला 'अभ्यस्त शब्द' या प्रकरणात अनुकरणवाचक म्हणून एक कोपरा मिळतो. कडकडाट, गडगडाट पाठ करा आणि पुढे चला. सपकन आणि सर्रकन यांत अक्षरसमूहाची पुनरावृत्तीच नाही, म्हणून ते त्या कोपऱ्यातही मावत नाहीत. मला ही वाटणी कधीच पटलेली नाही. त्या मानानं मोल्सवर्थ चौकस निघाला. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) असे शब्द मुबलक आहेत, आणि 'फटकन'सारख्या नोंदीत 'कर', 'दिशी' ही पर्यायी शेपटंही दिलेली आहेत. यांतलं 'दिशी' अजून जिवंत आहे, फक्त जरा रांगड्या तोंडी: खाडदिशी कानाखाली वाजवली. 'खटकन वाजवली' म्हटलं तर गाल फारसा लाल होणार नाही.

कागदावर लांबी दाखवायला आपल्याकडे एक सोय आहे. संस्कृतात 'ऽ' हे चिन्ह लोपलेला 'अ' दाखवतं. मराठीनं त्याला आवाज ताणायला जुंपलं. शिवाजी पार्कवर कानाजवळून गेलेला चेंडू 'सूं' की 'सूंऽऽऽ', यावरून गोलंदाजाचा वेग आणि सांगणाऱ्याची घाबरगुंडी, दोन्ही कळतात.

गंमत म्हणजे यांतले बरेच शब्द आवाज नसलेल्या जागीही बिनदिक्कत वापरले जातात. तापलेल्या तव्यावर पाणी पडलं की चर्र होतं आणि वाईट बातमी ऐकली की काळजातही चर्रच होतं. डोळ्यांत पाणी टचकन येतं, अंगावर काटा सर्रकन उभा राहतो. इथे 'कन' आवाज सांगत नाही, नुसता क्षण सांगतं. सुसाटचंही तेच झालं: आधी वारा सुसाट, मग गाडी सुसाट, आता बातम्यांच्या मथळ्यांत सोन्याचे भावसुद्धा सुसाट. आणि पाखरू भुर्रकन उडतं तसं तान्ह्या बाळासाठी 'भूर' हे चक्क जाण्याचं ठिकाणच होऊन बसतं. भूर म्हणजे राणीची बाग की कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, हे ज्याच्या कडेवर बाळ असेल तो ठरवतो.