विमान कोणाचं, गोष्ट कोणाची?

शिवकालावर चित्रपट काढायचा झाला तर कोल्हापुरात घोडे मिळतात, ढाली-तलवारी मिळतात, मावळ्यांचे फेटे बांधून देणारी माणसंही मिळतात. पायदळाची चकमक दाखवायला माळरान, धूर आणि दोन-तीनशे एक्स्ट्रा पुरतात. लढाऊ विमानाची गोष्ट वेगळी. ते बाजारात भाड्याने मिळत नाही. विमान सरकारचं, धावपट्टी सरकारची, इंधन सरकारचं आणि ते उडवणारा वैमानिकही सरकारी पगारावरचा. म्हणून सगळ्या युद्धपटांत लढाऊ वैमानिकांवरचा चित्रपट सर्वांत परावलंबी असतो. विमान देणारा आधी संहिता मागून घेतो, आणि त्याला जे खटकतं ते पडद्यावर सहसा पोहोचत नाही. या चित्रपटांतला प्रचार शोधताना लोक घोषणा, झेंडे आणि टाळ्यांचे संवाद मोजतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते गाळलेलं काय, हे पाहणं.

या प्रकाराची घडी दुसऱ्या महायुद्धात बसली. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि दोनेक महिन्यांत अलेक्झांडर कोर्डा यांचा ‘द लायन हॅज विंग्ज’ लंडनमध्ये लागलासुद्धा. घाई इतकी, की जुन्या वृत्तपटांचे तुकडे आणि कोर्डांच्याच ‘फायर ओव्हर इंग्लंड’मधली स्पॅनिश आरमाराची दृश्यं त्यात जोडून टाकलेली. त्यात एक प्रसंग आहे. जर्मन बॉम्बफेकी विमानं लंडनवर चालून येतात, आकाशात तारांनी बांधलेले प्रचंड फुगे दिसतात आणि ती माघारी वळतात. वर्षभरातच लंडनवर खऱ्या बॉम्बचा वर्षाव सुरू झाला, तेव्हा फुगे पाहून कोणी परत गेलं नाही. पण चित्रपट निघाला तेव्हा घाबरलेल्या माणसाला रात्री झोप लागावी, एवढंच त्याचं काम होतं.

दोन वर्षांनी आलेला ‘टार्गेट फॉर टुनाइट’ यापेक्षा कितीतरी हुशार. त्यात नट नाहीत. रॉयल एअर फोर्सच्या माणसांनी स्वतःच्याच भूमिका केल्या. ‘एफ फॉर फ्रेडी’ या वेलिंग्टन विमानाचा वैमानिक म्हणून पर्सी पिकार्ड हा खराखुरा अधिकारी दिसतो. तो कमी बोलतो, पाइप ओढतो आणि मार खाल्लेलं विमान धुक्यातून सुखरूप खाली उतरवतो. चित्रपटात त्या रात्री सगळे परत येतात. प्रत्यक्षात पिकार्ड फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या आमिएँच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात मारला गेला. विमान खरं, माणूस खरा, बोलणंही खरं. फक्त परत न येणारे वगळलेले. वैमानिकांवरच्या प्रचारपटाने सर्वांत जास्त वापरलेली युक्ती ही. १९४२ चा ‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ स्पिटफायर विमानाच्या रचनाकाराची गोष्ट सांगतो, आणि त्यात खऱ्या लढाऊ तुकडीतले वैमानिक दिसतात. त्याचा दिग्दर्शक आणि नायक लेस्ली हॉवर्ड पुढच्याच वर्षी प्रवासी विमानातून येत असताना जर्मनांनी ते विमान पाडलं.

पलीकडच्या बाजूलाही रीत हीच होती. जर्मनीत कार्ल रिटर यांनी १९४१ मध्ये ‘श्टुकास’ काढला. जपानमध्ये १९४४ साली काजिरो यामामोटो यांचा कर्नल कातो यांच्यावरचा चित्रपट आला. त्यात जपानी लष्कराने आपली विमानं तर दिलीच, शिवाय शत्रूकडून हस्तगत केलेली विमानंही दिली, म्हणजे पडद्यावरचा शत्रूही अस्सल दिसावा. हे कातो आपल्यापासून फार लांब नव्हते. मे १९४२ मध्ये बंगालच्या उपसागरावर झालेल्या चकमकीत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी मुजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात संथ गतीची लायसँडर विमानं घेऊन लढत होती. कातोंना चित्रपट मिळाला. मुजुमदारांना अजून मिळालेला नाही.

आता पुण्याकडे येतो. लोहगावचा विमानतळ १९३९ मध्ये, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी बांधला गेला. तिथून शहराकडे यायला लागलं की नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस लागतो. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात गांधीजी तिथे बंदिवान होते. महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. काही मैलांच्या अंतरात एकीकडे जपानशी लढायला सज्ज होणारी विमानं आणि दुसरीकडे त्या युद्धात देशाला न विचारता ओढल्याचा निषेध करणारा कैदी. अशा शहरात सरकारी युद्धपट दाखवायचे होते.

सरकारने त्याची तजवीज मात्र चोख केली. १९४० मध्ये फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झालं. प्रभातमधून बाहेर पडण्याच्या सुमारास व्ही. शांताराम यांनीही काही काळ या बोर्डाच्या निर्मितीचं काम पाहिलं. १९४३ पासून इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड सुरू झाले. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळाला सरकारमान्य लघुपट दाखवणं थिएटरांवर सक्तीचं झालं. कच्ची फिल्म परवान्यावर आली आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ११,००० फुटांची मर्यादा पडली. निर्मात्याची मान पकडायला यापेक्षा सोपी जागा नव्हती. परवाना हवा असेल तर सरकारला रुचेल असं काही तरी काढून दाखवा, असा एकंदर मामला होता. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सचा ‘बर्मा राणी’ हा १९४५ चा तमिळ चित्रपट त्याच हवेतला. ब्रह्मदेशात जपानी ठाण्यावर बॉम्ब टाकायला गेलेले भारतीय वैमानिक विमान पडल्यावर शत्रूच्या मुलखात अडकतात, अशी त्याची गोष्ट. आपल्या हवाई दलाचा माणूस नायक म्हणून पडद्यावर आला तो असा, ब्रिटिशांच्या युद्धाचा शिपाई होऊन. शांतारामांनी वेगळी वाट काढली. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’साठी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट त्यांनी निवडली. जपानविरोधी आशय सरकारला चालणारा होता, आणि नायक बंदूक न धरणारा, चीनमध्ये जखमींची सेवा करता करता गेलेला डॉक्टर होता. त्या काळातली ही सर्वांत शहाणी निवड, असं माझं मत आहे.

पुणेकरांनी या प्रचाराला दिलेलं उत्तर फार कडवट होतं. २४ जानेवारी १९४३ रोजी लष्कर भागातल्या कॅपिटॉल थिएटरमध्ये क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट घडवला, त्यात ब्रिटिश सैनिक मारले गेले. चले जाव चळवळीच्या इतिहासात ‘कॅपिटॉल बॉम्ब खटला’ म्हणून हे प्रकरण नोंदलेलं आहे. गोऱ्या सैनिकांचं ते नेहमीचं थिएटर. पुढे त्याच इमारतीत व्हिक्टरी थिएटर चालू राहिलं. ज्या प्रेक्षकाला युद्धच आपलं वाटत नाही, त्याला कितीही चांगला युद्धपट दाखवला तरी तो पोहोचत नाही, हे त्या वर्षीच्या पुण्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. १९४६ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्सचा गाशा गुंडाळला गेला, कारण मध्यवर्ती कायदेमंडळातल्या भारतीय सदस्यांना हा सरकारी प्रचार नको होता. परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ ची घटना टिपायला सरकारची अशी स्वतंत्र चित्रपट संस्थाच उरली नव्हती. फिल्म्स डिव्हिजन आलं ते १९४८ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर विमानांचा मालक बदलला. चेतन आनंद यांनी १९७३ मध्ये ‘हिंदुस्तान की कसम’ काढला, १९७१ च्या युद्धातल्या हवाई दलावर. खरी विमानं, मदन मोहन यांचं संगीत, हेरगिरीचं कथानक. विमानं उड्डाण करताना दिसली की अजूनही अंगावर रोमांच येतात. माणसं बोलायला लागली की चित्रपट खाली बसतो.

आणि मग १९८२ मध्ये ‘विजेता’ आला. शशी कपूर निर्माते, गोविंद निहलानी दिग्दर्शक, आणि लेखन दिलीप चित्रे यांचं. ‘एकूण कविता’वाल्या चित्र्यांनी लढाऊ वैमानिकावरचा चित्रपट लिहिला होता, हे आपल्या साहित्यिक गप्पांत फारसं कोणाच्या लक्षात नसतं. पटकथा चित्र्यांची, संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मन आनंद’ हे गीत वसंत देव यांचं आणि आशाबाईंबरोबर ते गायलं सत्यशील देशपांडे यांनी. मराठी जगाशी नातं असलेली एवढी माणसं एका हिंदी युद्धपटात क्वचितच एकत्र आली असतील. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हवाई दलाची खरी विमानं, मिग-२१ च्या आत बसवलेला कॅमेरा, हे सगळं हवाई दलाच्या सहकार्याशिवाय होणं शक्यच नव्हतं. तरीही हा भरतीचा जाहिरातपट झाला नाही.

त्याचं कारण नायकात आहे. कुणाल कपूरचा अंगद देशासाठी पेटून उठलेला तरुण नाही. वडील फाळणीत उखडलेले शीख, आई मराठी, दोघांचं पटत नाही, आणि घरातल्या त्या कोंडीत हा मुलगा गोंधळून गेलेला आहे. तो प्रबोधिनीत जातो तो स्वतःला शोधायला. चित्र्यांनी युद्ध शेवटाकडे ढकललं आणि आधीचा सगळा वेळ माणूस घडण्याला दिला. रेखाची आई जेव्हा मुलाकडे पाहते तेव्हा त्यात अभिमानापेक्षा धास्ती जास्त दिसते. विमान सरकारने दिलं होतं, पण त्या आईची नजर सरकारला बदलता आली नाही, किंवा तिथल्या अधिकाऱ्यांना ती बदलावीशी वाटली नाही. दोन्ही शक्यता मला आशादायक वाटतात.

याच्या चारच वर्षांनी अमेरिकेत ‘टॉप गन’ आला. त्याचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण देवाणघेवाणीचा हिशेब तिथे उघड आहे. एफ-१४ विमानांच्या उड्डाणाचे तासाला सुमारे ७,६०० डॉलर आरमाराने निर्मात्यांकडून घेतले, आणि त्याबरोबर संहितेतही बदल मागितले. नायकाचा जोडीदार मूळ कथेत दोन विमानांच्या टकरीत मरणार होता. आरमाराला ते नको होतं, म्हणून तो अपघात वेगळा झाला. विमानं एकमेकांवर आदळतात, हे भरतीला येणाऱ्या पोराने पाहू नये, एवढी साधी त्यामागची काळजी.

आपल्याकडे तो न पाहण्याजोगा अपघात पडद्यावर आणला ‘रंग दे बसंती’ने, २००६ मध्ये. २००१ साली सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. दोष मुलाच्या माथी मारला जाऊ नये म्हणून त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडिलांनी दिलेला लढा देशभर गाजला, आणि त्याचं या चित्रपटाशी असलेलं नातं तेव्हापासून सांगितलं जातं. प्रदर्शनाआधी हा चित्रपट संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनादलांच्या वरिष्ठांना दाखवावा लागला. मोठी कात्री न लागता तो सुटला, आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांना याचं श्रेय द्यायला हवं. वहिदा रेहमान यांनी साकारलेली वैमानिकाची आई पोलिसांच्या लाठ्या खाते, तो प्रसंग पाहिल्यावर कोणी हवाई दलाचा द्वेष करू लागलं नाही. उलट, मिगमध्ये बसणाऱ्या पोरांची काळजी पहिल्यांदा घराघरांत बोलली गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा त्याच्या पराक्रमाबरोबर या अपघातांचीही आठवण निघाली, ती काही अंशी या चित्रपटामुळे.

अलीकडच्या वर्षांत तर अशा चित्रपटांची रांगच लागली. ‘भुज’, ‘तेजस’, ‘फायटर’, ‘स्काय फोर्स’. यांतल्या ‘भुज’चा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण मूळ घटना फार मोठी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी बॉम्बनी भुजची धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. विमानांचा भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, शांत झालं की पुन्हा दगड-मुरूम टाकायचा, आणि वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवायची. घरचं अंगण सारवणारे हात लढाऊ विमानासाठी सारवत होते! विमानाखालची जमीन दाखवण्याची अशी संधी शंभर वर्षांत एखादी येते. चित्रपटाने ती बंदुकीच्या फैरी आणि आरोळ्यांत घालवली.

आता विमानाची गरजही कमी होत चालली आहे, कारण सुखोई संगणकावर काढता येतो. त्यामुळे निर्माता मोकळा होईल असं वाटत होतं, पण जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला कळवलं की सेनेवरचे चित्रपट आणि मालिका दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. पुढच्याच महिन्यात ‘गुंजन सक्सेना’वर हवाई दलाने लेखी आक्षेप घेतला. स्त्री अधिकाऱ्याला मिळालेली वागणूक दाखवून दलाची प्रतिमा मलिन केली, असा त्याचा रोख. विमान न मागताही मालकाची परवानगी लागते, अशी आजची अवस्था. माझं म्हणणं असं की ‘विजेता’ आणि ‘रंग दे बसंती’ या दोघांनी हवाई दलाचं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्याही गुळगुळीत चित्रपटाने केलेलं नाही.

आपल्याच पुण्यातल्या फिल्म संग्रहालयाने या सगळ्या चित्रपटांचा एक महोत्सव भरवावा. युद्धकाळातला एखादा प्रचारपट आणि लगेच ‘विजेता’, असं एका दिवशी दाखवावं. प्रेक्षकांत खडकवासल्याच्या छात्रांना आवर्जून बोलवावं. ३० मे २०२५ ला तिथून पहिल्या १७ मुली दीक्षांत संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्यानंतरच्या तुकड्यांतली कोणी लढाऊ विमान चालवेल, आणि केव्हा तरी तिच्यावर चित्रपटही निघेल. तो लिहिणाऱ्याने आधी हे सगळे पाहिलेले असावेत.