वही नसती, तर गाणं नसतं!

बालमित्रांनो, 'अरे संसार संसार' हे गाणं तुम्ही ऐकलं आहे ना? नसेल ऐकलं, तर आज घरी गेल्यावर आजीला नुसतं नाव सांगा. हातातलं काम न थांबवता ती गुणगुणायला लागेल, बघा!

या गाण्यात दणदणाट नाही. संथ चाल आणि साधे शब्द. चूल, तवा, भाकरी अशा रोजच्या गोष्टींतून संसार म्हणजे काय, ते सांगितलं आहे. १९६१ साली दिग्दर्शक अनंत माने यांच्या 'मानिनी' चित्रपटात ते आलं. वसंत पवारांनी चाल लावली, सुमन कल्याणपूर यांनी गायलं. साठ वर्षं उलटून गेली, तरी लोकांच्या ओठांवर ते अजून आहे.

पण गंमत पाहा! जिनं हे गाणं रचलं, तिनं ते चित्रपटात कधी ऐकलंच नाही. त्याआधी दहा वर्षं ती हे जग सोडून गेली होती. आणि तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं.

मग हे गाणं आपल्यापर्यंत आलं कसं? त्याचीच ही गोष्ट.

असोद्याची लेक

जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथं १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. पुढं ऐन तिशीत पती वारले. पदरी तीन मुलं. शेताचं काम, घराचं काम, दळण-कांडण, सगळं त्यांच्यावर पडलं.

काम करता करता त्या गाणी रचायच्या. पाटी-पेन्सिल नव्हती, म्हणून गाणं मनातच तयार व्हायचं आणि मनातच राहायचं.

त्यांचा मुलगा सोपान शाळेत जात होता. एकदा त्यानं पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईनं त्या गोष्टीचं गाणं रचलं होतं! सोपान थक्क झाला. मग आई गायची तेव्हा तो वहीत उतरवून घ्यायला लागला. पुढं सोपानदेव चौधरी स्वतःच नावाजलेले कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची गाणी अशी जमेल तेव्हा टिपून ठेवली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ही गाणी आचार्य अत्रे यांच्यासमोर आली. अत्रे म्हणजे मोठे लेखक आणि संपादक. हे अस्सल सोनं आहे, हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं आणि अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यानंतर नऊ वर्षांनी 'मानिनी' आला. आणि २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाचं विद्यापीठ!

पण मुलांनो, एक हिशेब ध्यानात घ्या. त्या पहिल्या पुस्तकात कविता होत्या फक्त ३५. बहिणाबाईंनी त्याहून कितीतरी जास्त रचल्या होत्या. मग बाकीच्या कुठं गेल्या? वहीत उतरल्या तेवढ्या उरल्या. बाकीच्या वाऱ्यावर गेल्या.

जातं आणि ओवी

बहिणाबाईंनी आपल्या गाण्यांसाठी ओवीचीच चाल धरली. तुमच्यातल्या काहींनी जातं नीट पाहिलंही नसेल, म्हणून सांगते. एकावर एक दोन गोल दगड. खालचा जागचा हलत नाही, वरचा फिरतो. वरच्या दगडाला लाकडी खुंटा असतो आणि मधोमध भोक असतं. त्या भोकात मूठ मूठ दाणे टाकायचे, त्याला म्हणतात वैरण घालणं. खुंटा धरून दगड फिरवला की कडेनं पीठ पडतं.

काम सोपं वाटतं? दोन किलो ज्वारी दळून बघा, मग कळेल! खांदे भरून येतात. दोघी समोरासमोर बसल्या की ओढायला जरा हलकं जातं. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं उचलायची. जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द चालतात आणि शब्दांबरोबर फेरा. पेटी नाही, तबला नाही, साथीला फक्त जात्याची घरघर!

ही रीत फार जुनी आहे. राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात लिहिलं आहे की, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे जवळजवळ ९०० वर्षं झाली! आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधू' हा ग्रंथही ओवीतच आहे. ग्रंथातली ओवी पोथीत जपली गेली. जात्यावरच्या ओवीला मात्र पोथी नव्हती.

तिची पोथी करायचं काम पुण्यातल्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून आलेले गी पॉइतवाँ या दोघांनी १९८०नंतरच्या काळात हाती घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. १९९६ साली हे लोक आपल्या माजलगावलाही आले होते. तिथल्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या आणि त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. जात्यावर विठोबा येतो, रामसीता येतात, माहेर येतं, भाऊराया येतो. माजलगावला बाबासाहेबही आले. जे बाईच्या मनात, ते तिच्या जात्यावर!

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला संकोच वाटतो, पण सांगते.

२००८ साली मी डी.एड. करत होते. सुटीत गावी गेले की पहाटे उठून पाठाची टाचणं लिहीत बसायची. गावात पिठाची गिरणी होती, तरी माझी आजी हरभऱ्याची डाळ जात्यावरच भरडायची. ती गायची आणि मी भिंतीला टेकून लिहायची. एकदा तिनं विचारलं, "काय लिहितीस गं एवढं?"

मी म्हटलं, "टाचण, आजी. मुलांना कविता कशी शिकवायची त्याचं."

आजी हसली आणि पुन्हा गायला लागली. माझ्या हातात पेन होतं, पुढ्यात वही होती, आणि चार हातांवर आजी गात होती. मी एक ओळही लिहून घेतली नाही!

दोन वर्षांनी आजी गेली. आज मला तिची एकही ओवी पूर्ण येत नाही. कधी कधी अर्धी ओळ आठवते. पुढचं काही केल्या आठवत नाही. आणि विचारायचं तरी कुणाला?

आजीचा हात फिरला

आपल्या जिल्ह्यात दिवाळी झाली की कितीतरी आई-बाबा ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. गावात उरतात आजी-आजोबा आणि नातवंडं. गेल्या हिवाळ्यात मी चौथीच्या मुलांना गृहपाठ दिला, आजीची एक ओवी लिहून आणा.

एक मुलगी कोरी वही घेऊन आली. "मॅडम, आजी म्हणती मला काहीच येत नाही."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. जातं अंगणात भिंतीशी पडलं होतं. त्यावर शेळ्यांच्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. आजी म्हणाली, "गाणं असं बसल्या बसल्या येत नसतंय, म्याडम. हात फिरला की तोंड उघडतंय."

मग काय! घमेलं उचललं, जातं धुऊन पुसून मांडलं, मूठभर ज्वारी घेतली. दोनतीन फेरे झाले आणि आजी गायला लागली. एकामागून एक अकरा ओव्या! मुलीला लिहिणं उरकेना. आजीला थांबवलं, तर जात्याबरोबर गाणंही थांबायचं. शेवटी आजीला विचारून मी मोबाइलवर आवाज टिपला. मुलीनं तो रात्री ऐकून ऐकून वहीत उतरवला.

एक ओवी दूर गेलेल्या माणसाची होती. तो कुठल्या वाटेवर असेल, जेवला असेल का, असं विचारणारी. मुलीनं विचारलं, "आजी, हे पप्पाचं गाणं हाय का?"

आजी म्हणाली, "माझ्या आईचं हाय. ती तिच्या भावासाठी म्हणायची. म्या तुझ्या बापासाठी म्हणते."

रविवारी बाबांचा फोन आला, तेव्हा मुलीनं ती ओवी त्यांना म्हणून दाखवली. तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग बाबा म्हणाले, "पुन्हा म्हण."

तुम्ही काय कराल?

१. आजीला नुसतं "गाणं म्हण" म्हणू नका. जातं असेल तर मांडा. नसेल तर ती निवडत-पाखडत असताना जवळ जाऊन बसा.

२. ऐकू येईल तसंच लिहा. 'हाय'चं 'आहे' करू नका. बहिणाबाईंची बोली तशीच ठेवली, म्हणून तर ती गाणी गोड लागतात.

३. आवाज टिपायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

४. गाणारीचं नाव, गाव, तारीख आणि ती ओवी कुणाकडून शिकली, हे खाली जरूर लिहा.

५. लिहून झालं की तिला वाचून दाखवा. चुकलं असेल तर ती सांगेलच!

पालकांनाही एक विनंती. या कामासाठी मुलांना दोनशे पानी वही आणून द्या. शंभर पानी पुरायची नाही.

सोपानच्या हातात वही होती, म्हणून आपल्याला बहिणाबाई मिळाल्या. माझ्याही हातात होती, पण मी ती टाचणात घालवली. आता वही तुमच्या हातात आहे.

मग, आज संध्याकाळी बसताय ना आजीजवळ?