कलम अठराचं भांडण

निमित्त सांगलीहून आलेल्या पत्राचं. मागच्या खेपेला संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावरच्या मतदानाचा ४८ विरुद्ध शून्य हा आकडा देऊन मी तटस्थ आठांवरून घाईनं पुढे गेलो होतो. ‘त्या आठांत मुस्लिम देश किती?’ असं वाचकांनी विचारलंय.

एकच. सौदी अरेबिया. बाकी सहा साम्यवादी देश आणि दक्षिण आफ्रिका. तिची वर्णद्वेषाची अडचण वेगळी सांगायला नको. पाकिस्तान, इराण, इराक, इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान, अफगाणिस्तान सगळे बाजूनं. मानवी हक्क म्हणजे गोऱ्यांचं खूळ, असं हल्ली सर्रास म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा नजरेखालून घालावी.

सौदीचं घोडं मुख्यतः दोन ठिकाणी अडलं: विवाहाचं कलम १६ आणि धर्मस्वातंत्र्याचं कलम १८. त्यातलं १८वं माझ्या खास आवडीचं. धर्म बदलण्याचा हक्कही त्यात स्पष्ट लिहा, हा आग्रह लेबनॉनच्या चार्ल्स मलिक यांचा. तो एवढा महत्त्वाचा का, हे १९३५चं येवलं आणि १९५६चं नागपूर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला मी काय सांगणार! मलिक अरब, पण ख्रिस्ती. सौदीतर्फे त्यांना विरोध केला जमील बरूदी यांनी. आणि हे बरूदीसुद्धा मूळचे लेबनॉनचे, ख्रिस्तीच! मिशनऱ्यांच्या मागोमाग परक्यांचं राजकारण शिरतं, असा त्यांचा युक्तिवाद. वसाहतींचा इतिहास पाहता तो अगदीच पोकळ नव्हता.

उत्तर आलं पाकिस्तानकडून. परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान मूळचे सियालकोटचे, फाळणीआधी फेडरल कोर्टात न्यायाधीश. पॅरिसच्या आमसभेत त्यांनी थेट कुराणाचाच आधार घेतला: श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे. शिवाय इस्लाम हा प्रसार करणारा धर्म. लोकांनी आपल्याकडे यावं म्हणून त्यांचं मन वळवायचं, तर तीच मुभा इतरांनाही हवी.

म्हणजे सौदीची बाजू एक ख्रिस्ती मांडतोय आणि ती खोडतोय एक मुसलमान. ‘आमची परंपरा असं सांगते’ हे वाक्य कानावर आलं, की बोलणारा कोण आणि कुणाच्या वतीनं, हे मी आधी बघतो. ती खोड या प्रसंगानं लावली.

पण जफरुल्ला पडले अहमदिया पंथाचे. १९५३ साली त्यांना मंत्रिमंडळातून काढा, अहमदियांना मुस्लिमेतर ठरवा, या मागण्यांवरून लाहोर पेटलं, मार्शल लॉ पुकारावा लागला. चौकशी करताना न्यायमूर्ती मुनीर यांच्या आयोगानं एकेका उलेमाला मुसलमानाची व्याख्या विचारली, तर दोघांचंही जमेना. तरी १९७४ला संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलंच. १९८४च्या वटहुकमानं तर अहमदियानं स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं हे सगळे गुन्हे झाले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. १९८५मध्ये जफरुल्ला लाहोरातच वारले. दुसऱ्यांच्या धर्म बदलण्याच्या हक्कासाठी भांडलेला हा माणूस, स्वतःचा न बदलताच कायद्यानं परधर्मी झाला होता.

आणि सौदीचं काय झालं? १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात, सौदी आणि इतर काही देशांच्या हरकतींमुळे, ‘बदलणं’ वगळून आपल्या पसंतीचा धर्म ‘असणं किंवा स्वीकारणं’ एवढंच ठेवलं गेलं. इतकं करूनही सौदी अरेबिया त्या करारात आजतागायत सामील झालेला नाही.