फायटर भारी की विझार्ड? क्लास बॅलन्सचं गणित, महाडच्या टेबलवरून

मोबाइल गेममध्ये 'बॅलन्स अपडेट' हे शब्द तुम्ही नक्की पाहिले असतील. एखादं कॅरेक्टर फारच भारी झालं की कंपनी त्याची ताकद कमी करते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर नवा आकडा येतो. पण जो गेम सर्व्हरवर चालतच नाही, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार मित्र खेळतात, तिथे हा समतोल कोण सांभाळतो? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (पुढे आपण डीअँडडी म्हणू) हा गेम १९७४ मध्ये आला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. आज तो सोप्या गणिताने समजून घेऊया.

आधी खेळ कसा असतो ते

समजा, महाडमध्ये चवदार तळ्याच्या आसपास राहणारे चौघे मित्र खेळायला बसलेत. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंच. बाकीचे तिघे एकेक पात्र घेतात. पात्राचं काम म्हणजे त्याचा क्लास. फायटर तलवार चालवतो, विझार्ड मंत्र टाकतो आणि रोग (आजार नव्हे, हा चोरपावलांनी फिरणारा गडी) कुलपं उघडतो, कडे चढतो. डीएमने मोहीम ठरवली: महाडहून निघायचं, पाचाड गाठायचं आणि रात्रीत रायगडावर पोचायचं.

आता प्रश्न असा, की तिघांनाही सारखीच मजा येईल का?

एक लढाई आणि सहा लढाया

२०१४ च्या नियमांप्रमाणे पाचव्या लेव्हलचा फायटर आणि विझार्ड घेऊ. हिशोब सोपा राहावा म्हणून धरून चालू, की प्रत्येक वार लागतो, फायरबॉलच्या टप्प्यात दर वेळी चार शत्रू सापडतात आणि कोणीही वाचत नाही. विझार्डचे छोटे मंत्र मोजत नाही.

- फायटर: एका फेरीत दोन वार. मोठी तलवार आणि ताकदीचा बोनस धरून एका वाराचे सरासरी ११, म्हणजे फेरीला २२.
- विझार्ड: फायरबॉल म्हणजे आठ फासे, सरासरी २८. चार शत्रू, म्हणजे ११२! पण असे फायरबॉल दिवसाला दोनच. मध्ये तासभर विश्रांती मिळाली तर आणखी एक. ते संपले की फुकटचा 'फायर बोल्ट', सरासरी ११.

दिवसात एकच लढाई झाली आणि ती चार फेऱ्या चालली, तर विझार्डचे होतात २४६. फायटरचे ८८, आणि एकदा मिळणारी जादा चाल धरली तर ११०. म्हणजे विझार्ड दुपटीहून पुढे.

आता त्याच दिवसात सहा लढाया ठेवा, मध्ये दोन छोट्या विश्रांती. एकूण २४ फेऱ्या. विझार्ड: तीन फायरबॉलचे ३३६ आणि २१ फायर बोल्टचे २३१, बेरीज ५६७. फायटर: ५२८ आणि तीन जादा चालींचे ६६, बेरीज ५९४. फायटर थोडासा पुढेच!

पात्रं तीच, नियम तेच, निकाल मात्र उलटा. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरल्या आहेत. पण एका संध्याकाळी तीन तास खेळणाऱ्या ग्रुपमध्ये एवढ्या लढाया होतात कुठे? एक मोठी लढाई, मग 'चला झोपू', की सगळे मंत्र परत. मग फायटर घेतलेल्या मित्राला वाटतं आपला क्लासच टुकार आहे. क्लास टुकार नसतो, दिवस आखूड पडलेला असतो.

मारामारी सोडून बाकीचं काय?

हिरकणीची दंतकथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. गोष्ट लक्षात राहते कारण तो कडा अवघड आहे.

आपल्या मोहिमेत तसाच कडा आला. रोग घेतलेला मित्र खूश होतो, कारण याच क्षणासाठी त्याने हे पात्र बनवलंय. तेवढ्यात विझार्ड म्हणतो, "मी उडण्याचा मंत्र टाकतो." फासा नाही, धोका नाही, कडा संपला. पाचव्या लेव्हलला हा मंत्र मिळतो. इथे नुकसानीचा एकही आकडा बिघडलेला नाही, तरी बॅलन्स गेला. कारण बॅलन्स म्हणजे फक्त किती मारलं ते नाही. ज्या कामासाठी पात्र घेतलं, ते काम करायची पाळी आपल्यावर आली का, हा खरा बॅलन्स.

पन्नास वर्षांतले उपाय

- वेगवेगळी किंमत: १९८१ च्या बेसिक संचात दुसरी लेव्हल गाठायला चोराला १,२०० गुण लागायचे, फायटरला २,००० आणि जादूगाराला २,५००. म्हणजे जादूगार हळू वाढणार.
- सगळ्यांना एकच साचा: २००८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक क्लासला कधीही, लढाईत एकदा आणि दिवसातून एकदा वापरायच्या चाली दिल्या. आकडे छान जुळले, पण सगळे क्लास सारखेच वाटतात अशी खूप जणांची तक्रार आली.
- पुन्हा वेगळेपण: २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत क्लास पुन्हा वेगवेगळे झाले आणि समतोलाचा बराच भार डीएमवर आला.

आणखी एक उपाय होता, आणि तो वेगळा बघायला हवा.

जन्मावरून लावलेलं छत

क्लास म्हणजे पात्र काय करतं. त्याशिवाय पात्राची 'रेस' असायची, म्हणजे ते कोणत्या कुळात जन्मलं: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. मराठीत याला काय म्हणायचं, इथेच आपली जीभ अडखळते. १९७४ च्या नियमांत माणूस कितीही वर जाऊ शकत होता. ड्वार्फ मात्र सहाव्या लेव्हलला थांबायचा आणि हाफलिंग चौथ्या. कारण सांगितलं जायचं ते बॅलन्सचंच. या मंडळींना अंधारात दिसण्यासारख्या खास शक्ती आहेत, मग छत नसेल तर माणूस कोण घेणार?

गणित म्हणूनही हे फसलेलं होतं. सुरुवातीला ड्वार्फला फायदाच फायदा, आणि छताला टेकल्यावर तो खेळाडू बघ्या. म्हणजे एकाही लेव्हलला बॅलन्स नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हे छत काढलं. पुढे २०२४ च्या पुस्तकात 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला, आणि ताकद-बुद्धीचे सुरुवातीचे बोनस जन्माऐवजी पात्राने आधी काय काम केलं त्याला जोडले गेले.

चवदार तळ्याचा धडा

खेळ तो खेळ आणि माणसांचा लढा तो लढा, दोन्हींची बरोबरी होऊ शकत नाही. पण नियम आणि वापर यातला फरक समजायला महाडइतकी स्पष्ट जागा दुसरी नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात तिथे पाणी घेणं शक्यच नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करण्याचा प्रकार झाला, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं!

म्हणजे 'नियमात आहे ना, मग झालं' हे उत्तर अपुरं असतं. तो नियम वापरता येतो का, हे बघावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याच कारणासाठी टेस्टिंग करतो. कोडमध्ये बटण असतं, पण युजरच्या फोनवर ते दाबलं जातंय का? टेबलवरही तसंच. पुस्तकात तुमचा क्लास बॅलन्स्ड असेल, पण तीन तासांत तुमची पाळीच आली नाही, तर तो बॅलन्स कागदावरचाच.

तुमच्या टेबलवर काय कराल?

१. विश्रांती महाग करा. 'पहाटेच्या आत गडावर पोचायचंय' एवढी अट घातली की विझार्ड मंत्र जपून वापरतो.
२. शत्रू पांगवा. चौघे एका ठिकाणी उभे नसतील तर ११२ चे २८ होतात.
३. दर वेळी एक प्रसंग असा ठेवा जो एकाच पात्राला जमेल, आणि पुढच्या वेळी पात्र बदला.
४. खेळ संपल्यावर दोन मिनिटं विचारा: आज कोणाला काही करायलाच मिळालं नाही? ज्याचं उत्तर 'मला' असेल, पुढची मोहीम त्याच्यापासून सुरू करा.

सुरुवातीला पैसे खर्च करायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. पीडीएफ फोनवर वाचता येते आणि फासे टाकायची अ‍ॅप्सही फुकट मिळतात. इथे अपडेट पाठवणारी कंपनी नाही, त्यामुळे बॅलन्स बिघडला तर दुरुस्तही तुम्हालाच करायचाय. चौघं जमवा आणि वरचं गणित तुमच्या पात्रांवर करून बघा.