एकास एकशेदहा

लेगोच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या सेटमध्ये १,९६९ तुकडे आहेत. माणूस चंद्रावर पोचला ते साल असे तुकड्यांच्या आकड्यातच बसवले आहे. दोन हौशी चाहत्यांच्या कल्पनेतून आलेला हा सेट २०१७ मध्ये बाजारात आला. मूळ रॉकेट ११०.६ मीटर उंच, सेट जेमतेम एक मीटरचा. म्हणजे प्रमाण एकास एकशेदहा. उलव्याच्या माझ्या घरात तो पुस्तकांच्या कपाटावर, सोबत आलेल्या तीन आधारांवर आडवा ठेवला आहे.

लेगोने अंतराळाची मालिका १९७८ मध्ये सुरू केली, ती मुलांसाठी. पुढे मोठ्यांसाठी २०१९ मध्ये अपोलो-११ चे चांद्रयान, २०२० मध्ये अंतराळ स्थानक, २०२१ मध्ये हबल दुर्बिणीसह २,३५४ तुकड्यांचे डिस्कव्हरी शटल आले. हे सेट जोडताना यानाची रचना हातातून शिकता येते. सॅटर्नचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय दुसरा हातात येत नाही, आणि तिसऱ्याच्या वर चांद्रयान का दडवून ठेवलेले असते, हे ते आपणच आत बसवताना कळते.

मात्र लेगोच्या यादीत नासाची याने आहेत, इस्रोचे एलव्हीएम-३ नाही. चंद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून घेऊन गेलेले हे रॉकेट मला सॅटर्नच्या शेजारी, त्याच प्रमाणात हवे होते. सुटे तुकडे जमवून स्वतःच्या आराखड्याने केलेल्या अशा कामाला या छंदातली मंडळी 'मॉक' म्हणतात.

सुरुवात वहीत होते. एलव्हीएम-३ ची उंची ४३.५ मीटर, साधारण चौदा मजली इमारतीएवढी. एकशेदहाने भागले की साडेएकोणचाळीस सेंटिमीटर. लेगोचा ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, म्हणजे एकावर एक ४१ ठोकळे. उंचीचा हिशेब असा चटकन सुटतो. खरी कसोटी लागते ती जाडीला.

लेगोत आडवे माप स्टडचे, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याचे. दोन स्टडमधले अंतर ८ मिलिमीटर. रॉकेटचा मधला गाभा ४ मीटर व्यासाचा, आपल्या प्रमाणात ३६.४ मिलिमीटर. चार स्टड घेतले तर ३२, पाच घेतले तर ४०. दोन्ही मापे नजरेला खुपतात. इथे उपयोगी पडते ती प्लेट. प्लेट म्हणजे ठोकळ्याच्या एक तृतीयांश जाडीचा, ३.२ मिलिमीटरचा चपटा तुकडा. बाजूलाही स्टड असलेले खास ठोकळे मिळतात. ते घालून मध्यभागी दोन बाय दोनचा खांब उभारायचा आणि त्याच्या चारही बाजूंना प्लेटा आडव्या, भिंतीला फरशी लावावी तशा बसवायच्या. खांब १६ मिलिमीटर, दोन्हीकडे तीन-तीन प्लेटा, एकूण ३५.२. शेवटचा थर स्टड नसलेल्या टाइलचा घ्यायचा आणि कोपऱ्यांत वक्र तुकडे लावायचे, की चौकोनी खांब गोल दिसू लागतो.

बाजूचे एस-२०० बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे. तोच खांब, पण प्लेटा दोन-दोन. हवे २९.१ मिलिमीटर, मिळाले २८.८. वरचे नाकाड ५ मीटरचे. त्याला खांब चार स्टडचा आणि प्लेटा दोन-दोन. हवे ४५.५, मिळाले ४४.८. हे आकडे वहीत जुळले, तेव्हा झालेला आनंद रॉकेट उभे राहिल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

बाजूचे स्टड असलेले ठोकळे कुठेही घालून चालत नाहीत. खांब ९.६ च्या पायऱ्यांनी चढतो आणि बाहेरच्या प्लेटा ८ च्या पायऱ्यांनी. दोन्ही मापे ४८ मिलिमीटरवर जुळतात: पाच ठोकळे आणि सहा स्टड. म्हणून दर पाचव्या ठोकळ्याला आधार द्यायचा. हा नियम पाळला तर अख्खे आवरण खटकन बसते. तो मोडून दाबून बसवलेली प्लेट सुरुवातीला धरते, पण ताण राहतो आणि काही दिवसांत कडा उचलली जाते.

जोडायला बसायच्या आधी तुकडे निवडायचे असतात. नवखे लोक तुकडे रंगानुसार लावतात. ते आकारानुसार लावावेत. पांढऱ्यांच्या ढिगात पांढरी एक-स्टडची प्लेट शोधताना डोळे शिणतात, पण एक-स्टडच्या प्लेटांच्या खणात पांढरी लगेच दिसते. हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्टसाठी मिळणारे खणांचे डबे याला उत्तम. बहुतेक तुकड्यांवर बारीक अक्षरांत साच्याचा क्रमांक असतो. दोन बाय चारचा ठोकळा ३००१, एक-स्टडची प्लेट ३०२४. सुटे तुकडे मागवताना हेच क्रमांक कामी येतात.

जोडणीचा क्रम मी श्रीहरिकोट्याचाच ठेवला. तिथे आधी दोन एस-२०० उभे करतात, मग त्यांच्यामध्ये गाभा येतो. उड्डाणही या दोघांच्याच जोरावर होते. मधल्या गाभ्याची दोन विकास इंजिने जवळपास दोन मिनिटांनी, आकाशात पेटतात. टेबलावरही रॉकेटचा भार दोन बूस्टरांनीच पेलला आहे.

शेवटी राहिले ते नाकाडात ठेवायचे प्रवासी. विक्रम लँडर दोन मीटर लांब-रुंद आणि १.१७ मीटर उंच. आपल्या प्रमाणात दोन बाय दोनचा एक ठोकळा. प्रज्ञान रोव्हर ९१७ मिलिमीटर लांब, ७५० रुंद आणि ३९७ उंच. एकशेदहाने भागले की एक-स्टडची एक प्लेट. चिमटीत धरावा लागतो असा तो तुकडा बोटावर घेतला आणि मग ४१ ठोकळ्यांच्या रॉकेटकडे पाहिले. २६ किलोचा रोव्हर चंद्रावर चालवायला ६४० टन वजन जमिनीवरून उचलावे लागते, ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती. तिचे माप मात्र त्या दिवशी समजले.

छंद खर्चिक आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. म्हणून मोठ्या सेटांमागे धावण्यापेक्षा एखादा मध्यम सेट आणि सुटे तुकडे घेणे शहाणपणाचे. उलव्यासारख्या खाडीकाठच्या गावात खोकी आणि पुस्तिका पावसाळ्यात दमट होतात, बुरशी धरते. त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. पांढरे तुकडे उन्हाने पिवळे पडतात, तेव्हा मॉडेल खिडकीसमोर नको. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झटकावी. ओल्या फडक्याने ती खाचांत बसते.

घरात मुलांचे जुने लेगो डब्यात पडून असेल, तर ते टाकू नका आणि कोणाला देण्याची घाईही करू नका. एक वही घ्या, इस्रोच्या संकेतस्थळावरून एका रॉकेटची मापे उतरवा आणि एकशेदहाने भागा. पुढचे काम हात आपोआप शिकतात.