नालाबांध, वेळापत्रक आणि पाऊस : प्रकल्प-नियोजनाविषयीचे गैरसमज

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांना भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांचे पाणी मिळते, घोड नदीवरील धरण शिरूर तालुक्यातील चिंचणीला आहे आणि खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा दौंडमधून पुढे इंदापूरकडे जातो. तरीही पाबळ–कान्हूर मेसाईचा किंवा जिरेगाव–रोटी–वासुंद्याचा पट्टा जिरायतीच राहिला असून एकाच तालुक्यात एकीकडे उसाचे फड आणि दुसरीकडे उन्हाळ्यातील टँकर असे चित्र पिढ्यानपिढ्या दिसत आले आहे. पाऊस थोडा, निधी मोजका आणि काम करता येण्याजोगे दिवस त्याहून मोजके, अशा प्रदेशात नियोजनाची चूक लगेच उघडी पडते, आणि म्हणूनच रचनाबद्ध प्रकल्प-नियोजनाविषयी रूढ झालेल्या समजुती याच भूमीवर तपासून पाहणे सोयीचे ठरते.

पहिला गैरसमज असा की या पद्धती मोठ्या कंपन्यांच्या आहेत, आणि ग्रामपंचायतीला किंवा पाणलोट समितीला त्यांचा उपयोग नाही. त्यांचा उगम मोठ्या उद्योगांत आणि लष्करी कामांत झाला, एवढे खरे आहे. आडव्या पट्ट्यांचा गँट तक्ता पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकी कारखान्यांतून पुढे आला, ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५७ मध्ये ड्यू पाँट या रसायन कंपनीत आकाराला आली आणि ‘पर्ट’ ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी वापरली गेली. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे कोणते काम कोणत्या कामावाचून सुरू होऊ शकत नाही हा प्रश्न, महाराष्ट्रातील पाणलोट विकासाला नवा नाही. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व वस्तुतः अवलंबनाचा नियमच आहे, कारण डोंगरउतारावरील समतल चर आधी न खणता खाली नालाबांध घातला, तर पहिल्या दोन-तीन पावसांतच वरून वाहून येणारा गाळ त्या बांधात बसू लागतो.

कामांची यादी म्हणजे आराखडा, हा दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आपला विकास आराखडा तयार करतात आणि तो ग्रामसभेपुढे ठेवतात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांना २०२१ ते २०२६ या काळासाठी सुचवलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. अशा आराखड्यात काम, जागा आणि अंदाजित रक्कम असे रकाने भरले की तो पूर्ण झाला असे मानले जाते. यादी आवश्यक असते, पण तिच्यात ते काम कशासाठी करायचे याचे उत्तर नसते. ते उत्तर मागणारी पद्धत म्हणजे ‘लॉगफ्रेम’ अथवा तार्किक चौकट. ती १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी तयार झाली आणि तिच्यात उभ्या दिशेने चार पायऱ्या असतात : हाती घेतलेली कामे, त्यांतून प्रत्यक्ष उभी राहणारी वस्तू, त्या वस्तूमुळे घडणारा बदल आणि त्या बदलातून साधायचे दूरचे उद्दिष्ट. प्रत्येक पायरीसमोर ती गाठली हे कशावरून ओळखायचे, त्याचा पुरावा कोठे मिळेल आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे लिहावे लागते.

उदाहरणार्थ, नालाबांध पूर्ण होणे ही दुसरी पायरी होय. शेजारच्या विहिरींचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक महिने टिकणे ही तिसरी. या दोहोंच्या मध्ये एक गृहीतक उभे असते, ते म्हणजे मुरलेले पाणी नव्या कूपनलिका खणून आणि उसाचे क्षेत्र वाढवून उपसले जाणार नाही. गृहीतकांचा रकाना भरताना सर्वाधिक कंटाळा केला जातो, आणि प्रकल्प बहुधा तेथेच फसतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर राज्यभरात साडेनऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, लाखो कामे झाली, आणि तरीही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालाने, गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यावर आणि भूजलपातळी वाढवण्यावर अभियानाचा परिणाम अल्प असल्याचे नमूद केले. अभियानाच्या मूल्यमापनाविषयी मतभेद असू शकतात, परंतु दुसरी पायरी मोजून तिसरीचे श्रेय घेता येत नाही, हा लॉगफ्रेमचा धडा त्यातून स्पष्ट होतो.

तिसरा गैरसमज ‘क्रिटिकल पाथ’ या शब्दप्रयोगातूनच निर्माण झाला आहे. त्याचा अर्थ सर्वांत महत्त्वाच्या कामांची साखळी असा घेतला जातो. प्रत्यक्षात तो एकामागून एकच होऊ शकणाऱ्या कामांच्या सर्वांत लांब साखळीचा निर्देश आहे, आणि तिच्यातील कोणतेही काम एक दिवस लांबले की संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो. समजा, शिरूर तालुक्यातील एखाद्या ओढ्यावर सिमेंट नालाबांध घालायचा आहे आणि तो ४ जूनपर्यंत पुरा व्हायला हवा, कारण मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर ओढ्यात काँक्रीटचे काम करता येत नाही. पायाखोदाईला ६ दिवस, पाया आणि भिंतीच्या काँक्रीटला १२, त्यावर पाणी मारून ते मुरवण्याला १४ आणि बाजूंच्या मातीच्या भरावाला ६ दिवस धरले, तर साखळी ३८ दिवसांची होते आणि पहिली कुदळ २८ एप्रिललाच पडावी लागते. बांधाच्या वरच्या अंगाचा गाळ काढून शेतात टाकणे शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असू शकेल, परंतु ते १२ दिवसांचे काम याच ३८ दिवसांत केव्हाही उरकता येते, त्याला २६ दिवसांची सवड आहे, म्हणून ते क्रिटिकल पाथवर येत नाही.

याच उदाहरणात आणखी एक भ्रम दूर होतो. काम मागे पडले की मजूर आणि यंत्रे वाढवून ते भरून काढता येते, असे सर्रास मानले जाते. खोदाईच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे, परंतु काँक्रीट मुरण्याचे १४ दिवस दुप्पट माणसे लावून सातावर येत नाहीत. शिवाय साखळीची सुरुवात खोदाईपासून होते, ही समजूतही अपुरी आहे, कारण तिच्या आधी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या पायऱ्या असतात. त्यांपैकी निविदेपासून कार्यारंभ आदेशापर्यंत दीड महिना धरला, तर निविदा मार्चच्या मध्यास निघावी लागते, म्हणजे नेमकी त्या वेळी जेव्हा सगळी कार्यालये आर्थिक वर्षअखेरीच्या देयकांत बुडालेली असतात; निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली तर हे गणित आणखी आधीपासून मांडावे लागते. वेळापत्रकात केवळ फावडे आणि जेसीबीचे दिवस मांडणे आणि कागदाचे दिवस वगळणे हा दोष इतका सार्वत्रिक आहे की त्याला चूक म्हणण्याऐवजी रिवाज म्हणणेच योग्य होईल.

अंदाज म्हणजे एक तारीख, हा समज ‘पर्ट’ने खोडून काढला. या पद्धतीत प्रत्येक अनिश्चित कामासाठी तीन अंदाज घेतले जातात, आणि मधल्या, म्हणजे सर्वाधिक संभाव्य अंदाजाला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागले जाते. जलवाहिनीचे पाइप गावात पोहोचायला सर्व अनुकूल असता १० दिवस, एरवी १६ आणि सर्व प्रतिकूल असता ४० दिवस लागणार असतील, तर १०, ६४ आणि ४० यांची बेरीज ११४ होते आणि अपेक्षित कालावधी १९ दिवसांचा निघतो. बैठकीत सहसा सांगितल्या जाणाऱ्या १६ पेक्षा तो अधिक आहे, कारण काम लवकर होण्याला मर्यादा असते आणि उशिराला फारशी नसते.

‘अ‍ॅजाइल’ म्हणजे आराखड्याविना काम, हा शहरी कचेऱ्यांतून पसरलेला समज आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी मांडलेल्या ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धतीच्या जाहीरनाम्यात बदलाला प्रतिसाद देणे हे आराखडा पाळण्याहून अधिक मोलाचे मानले असले, तरी आराखड्याचे मोल नाकारलेले नाही. नालाबांधाचा पाया ‘बघू, मग बदलू’ या वृत्तीने घालता येत नाही; पाण्याचा ताळेबंद मात्र दरवर्षी पावसाळ्यानंतर नव्याने मांडावा लागतो, आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो मांडून त्यानुसार पिके ठरवण्याचा प्रघात पाडला आहे. संगणकप्रणालीवाचून नियोजन होत नाही, या समजुतीविषयी एवढेच पुरे की वरील ३८ दिवसांचा हिशेब चौकटीच्या वहीत मावतो. व्यवस्थापनाची पदवी हवी, हेही खरे नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून शालेय शिक्षण सुटलेली मुलेसुद्धा प्रत्यक्ष काम करता करता बांधकाम, वीजजोडणी आणि त्यांच्या खर्चाचे हिशेब शिकत आली आहेत.

नियोजनात गेलेला वेळ वाया जातो, हा अखेरचा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे. नाबार्डच्या सहभागाने महाराष्ट्रात राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात मुख्य कामांपूर्वी गावाच्या क्षमताबांधणीचा स्वतंत्र टप्पा ठेवला होता, आणि ‘नेट प्लॅनिंग’ या पद्धतीने प्रत्येक गटावर जाऊन त्या शेतातील पती-पत्नी दोघांशी बोलून कोणता उपचार करायचा हे ठरवले जात असे. बांध कोणाच्या शेतातून जाणार यावरचे भांडण त्यामुळे यंत्र दारात येण्याआधीच मिटवता येई. केंद्र शासनाच्या पाणलोट विकासविषयक २००८ च्या समान मार्गदर्शक तत्त्वांनी प्रकल्पाचा एकूण कालावधी ४ ते ७ वर्षांचा ठेवला, आणि त्यांपैकी १ ते २ वर्षे केवळ पूर्वतयारीसाठी राखून ठेवली.